महागडी सिस्टीम, मोबाईलवरचं गाणं आणि दहा बाय बाराची खोली

धुळ्याच्या देवपुरातून एका निवृत्त शिक्षकांनी विचारलंय. आयुष्यभर शास्त्रीय गाणं आणि नाट्यसंगीत ऐकलेला माणूस. निवृत्तीनंतर हौसेनं सिस्टीम घेतली: जमिनीवर उभे राहणारे दोन मोठे स्पीकर, इंटिग्रेटेड अँप्लिफायर, वेगळा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारं यंत्र). मोबाईल डॅकला ब्लूटूथनं जोडलाय आणि त्यावरून स्ट्रीमिंग ऐकतात. तीच गायिका, तोच राग सीडीवर भरलेला वाटतो, स्ट्रीमिंगवर चपटा वाटतो. शिवाय दोन्हीकडे खालचा आवाज घुमतो, तबल्याचा डग्गा पसरतो. एका दुकानदारानं सांगितलं, परदेशी हाय-रेझोल्यूशन (सीडीहून वरच्या दर्जाची) सेवा व्हीपीएन लावून, म्हणजे आपण परदेशात आहोत असं भासवून, घ्या. दुसऱ्यानं चाळीस हजारांची केबल सुचवली. घ्यावं का?

भाऊ, दोन्ही घेऊ नका. तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी. चपटेपणा बहुधा ब्लूटूथ आणि फोनच्या सेटिंगमधून येतोय. घुमणं तुमच्या खोलीतून येतंय, कारण ते सीडीवरही आहे असं तुम्हीच लिहिलंय. मी जळगावात अँप्लिफायर दुरुस्तीपासून सुरुवात केली, आता सव्वीस वर्षं झाली. रावेरपासून शिरपूरपर्यंत लोकांच्या घरी सिस्टीम बसवतो. सेवा बदलून आवाज सुधारला अशी घरं मी फार थोडी पाहिली. स्पीकर दोन फूट पुढे ओढून सुधारला अशी पुष्कळ पाहिली.

आधी ब्लूटूथ. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनल. म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट. फ्लॅक किंवा अलॅक या पद्धतीत हीच माहिती दाबून साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांशावर आणतात, पण उघडली की बिटन् बिट परत मिळते. आपल्याकडे जिनिंग-प्रेसिंगमध्ये १७० किलोची गाठ बांधतात, तसं. पट्ट्या कापल्या की होता तेवढा कापूस बाहेर. एमपीथ्री, एएसी, ऑग व्हॉर्बिस यांचं तसं नाही. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, या तत्त्वावर ते काही माहिती कायमची टाकून देतात. ३२० किलोबिटला हे काम इतकं कसून केलेलं असतं की चांगल्या कानालाही फरक सापडायला कष्ट पडतात. पण तुमच्या घरी हा कापूस दोनदा निवडला जातोय. सेवेनं एकदा दाबलेलं गाणं फोन उघडतो आणि ब्लूटूथसाठी पुन्हा दाबतो. सगळीकडे चालणारी एसबीसी पद्धत चांगल्या दर्जाच्या सेटिंगला सेकंदाला ३२८ किलोबिटच्या आसपास थांबते. एलडॅक ही दुसरी पद्धत ९९० पर्यंत जाते, पण त्यासाठी फोन आणि डॅक दोघांनाही ती यावी लागते आणि सिग्नल कमी झाला की तीही ६६० किंवा ३३० वर उतरते. सीडीचे १४११ यातल्या कुठल्याच नळीतून जसेच्या तसे जात नाहीत.

म्हणून पहिलं काम: फोन आणि डॅक यूएसबी केबलनं जोडा. साधी, धड, दोन मीटरची केबल पुरे. आजच्या बहुतेक डॅकमध्ये यूएसबी असिंक्रोनस असतं, म्हणजे घड्याळ डॅकचं चालतं, फोनचं नाही. गाण्याची माहिती पाकिटांनी येते, बफरमध्ये साठते आणि मग डॅक आपल्या चालीनं वाचतो. त्यामुळे चाळीस हजारांच्या केबलला सुधारायला काही उरतच नाही. एक गोष्ट मात्र खरी आहे. कॉम्प्युटरच्या किंवा स्वस्त चार्जरच्या वीजपुरवठ्याचा खरखरणारा आवाज यूएसबीच्या अर्थ तारेतून अँप्लिफायरपर्यंत येऊ शकतो. फोन चार्जिंगला लावलेला असताना हा त्रास होत असेल तर चार्जर काढून ऐका. कॉम्प्युटर वापरत असाल तर ऑप्टिकल केबल लावा. काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे नेटवर्क स्ट्रीमर. स्पॉटिफाय कनेक्टसारख्या सोयीत गाणं फोनमधून जातच नाही. स्ट्रीमर स्वतः इंटरनेटवरून ओढून घेतो आणि फोन नुसता रिमोटचं काम करतो. फोन आला तरी गाणं अडत नाही. पण हे नंतर बघा. आधी यूएसबीवर आठवडाभर ऐका.

आता फोनच्या आतलं. अँड्रॉइड फोन गाणं बाहेर पाठवताना बहुधा सगळे आवाज एकत्र करून ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर आणतो. सीडीचे ४४.१ असतील तर त्याला गणित करून नमुने नव्यानं काढावे लागतात. चांगल्या फोनमध्ये हे गणित बरं असतं, त्यामुळे यावर फार झोप उडवू नका. झोप उडावी अशी गोष्ट वेगळी आहे: फोनमधले साउंड इफेक्ट. चाळीसगावच्या एका घरी मी दोनदा गेलो. आवाज कर्कश, तानपुरा काचेसारखा. मी सेवेलाच दोष दिला आणि त्यांना सदस्यत्व बदलायला लावलं. तिसऱ्या फेरीला फोनच्या सेटिंगमध्ये खोल दडलेला 'सराउंड' इफेक्ट चालू सापडला. तो बंद केल्याबरोबर पहिली सेवाही नीट वाजली. त्यांचे पैसे माझ्या घाईनं गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कुठल्याही घरी पहिल्यांदा फोनच हातात घेतो. इक्वलायझर, सराउंड, 'अ‍ॅडाप्ट साउंड', जे असेल ते बंद.

सेवेच्या अ‍ॅपमध्येही तीन गोष्टी बघा. दर्जा 'ऑटोमॅटिक'वर असेल तर नेट मंदावलं की अ‍ॅप गुपचूप खाली उतरतं. स्पॉटिफायच्या पायऱ्या २४, ९६, १६० आणि ३२० किलोबिट अशा आहेत. संध्याकाळी सगळं गाव मोबाईलवर असतं, त्या वेळी तुम्ही ९६ वर ऐकताय हे तुम्हाला कळतही नाही. ९६ वर मात्र फरक नक्की ऐकू येतो. तो कुठे ऐकायचा तेही सांगतो: तानपुऱ्याची जवारी, टाळ-झांजा, पेटीचे वरचे सूर आणि मैफलीच्या ध्वनिमुद्रणातल्या टाळ्या. टाळ्यांचा पाऊस पाण्यातून आल्यासारखा वाटला की समजा, दर्जा घसरलाय. दुसरी गोष्ट नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळी गाणी सारख्या मोठेपणाची करणं. स्पॉटिफाय साधारणपणे उणे १४ लुफ्स (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) या पातळीवर आणतं. 'नॉर्मल' ठेवलं तर फारसं नुकसान नाही, पण 'लाउड' ठेवलं तर लिमिटर मध्ये येतो आणि शिखरं कापतो. तुमच्यासारख्या सिस्टीमवर हे बंदच ठेवा. तिसरं डॉल्बी अ‍ॅटमॉस. ते अनेक स्पीकरसाठी केलेलं वेगळंच मिश्रण आहे, शिवाय स्ट्रीमिंगमध्ये ते माहिती टाकून दाबलेलं येतं. दोन स्पीकरच्या घरात ते बंद करा.

सेवा कोणती, हा तुमचा मूळ प्रश्न. टायडल आणि कोबझ भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत. व्हीपीएनची, परदेशी पत्त्याची आणि कार्डाची खटपट करून जे मिळवायचं ते इथे सरळ मार्गानं मिळतं. अ‍ॅपल म्युझिकनं जून २०२१ पासून जादा पैसे न घेता लॉसलेस, म्हणजे फ्लॅक-अलॅकसारखं काही न टाकता दाबलेलं गाणं दिलंय, २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत. अँड्रॉइडवरही चालतं. फक्त सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं, आपोआप होत नाही. स्पॉटिफायनं सप्टेंबर २०२५ मध्ये लॉसलेस सुरू केलं, २४ बिट ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत. भारतात ते वरच्या प्लॅनमध्ये मिळतं. यूट्यूब म्युझिक २५६ किलोबिटच्या पुढे जात नाही, जिओसावन ३२० पर्यंत. तुमच्याकडे यातलं लॉसलेस काही असेल तर तेच ठेवा. नसेल तर घ्या, कारण आता ते महाग राहिलेलं नाही. मग शंकेला जागा उरत नाही आणि लक्ष खोलीकडे देता येतं.

१९२ किलोहर्ट्झच्या मागे मात्र लागू नका. माणसाला ऐकू येतं ते २० किलोहर्ट्झपर्यंत, आणि आपल्या वयात त्याहून बरंच कमी. ४४.१ च्या नमुन्यात २० पर्यंतचं सगळं पूर्ण मावतं. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जातून काढलेलं, असे दोन्ही लोकांना न सांगता ऐकवले. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरं ४९.८ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा बरोबर ओळखण्याचं प्रमाण ५२.३ टक्के आलं. फरक आहे, पण केसाएवढा. १६ बिटमध्ये सगळ्यात बारीक आवाजापासून सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत ९६ डेसिबलची झेप मावते. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या जवळ जातो आणि खोलीत कूलर घरघरत असतो. कूलरच्या आवाजाखाली काय दडलं आहे ते ऐकायला २४ बिट उपयोगी पडत नाहीत. डेटाही बघा. ३२० किलोबिटला तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, सीडी दर्जाच्या फ्लॅकला सुमारे ४०० एमबी, १९२ किलोहर्ट्झला दोन जीबीच्या पुढे. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर सीडी दर्जाचं साडेतीन तास ऐकता येतं. घरी फायबर नसेल तर आवडते अल्बम लॉसलेसमध्येच डाउनलोड करून ठेवा.

या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट आहे मास्टरची, म्हणजे ज्या मूळ प्रतीवरून बाकीच्या प्रती निघतात तिची, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. तुम्ही ऐकता ती नाट्यपदं, जुन्या मैफली मुळात मोनो टेपवर किंवा त्याआधीच्या ७८ च्या तबकड्यांवर आहेत. एकच पद तुम्हाला सेवेवर चार-पाच संग्रहांत सापडेल आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं वाजेल. कुठे टेपची सळसळ काढायच्या नादात तानपुराही पुसून टाकलाय, कुठे लिमिटर लावून आलाप आणि तान एकाच उंचीवर आणलेत. ओळखायची युक्ती अशी: गायन सुरू होण्याआधीचे दोन सेकंद लक्ष देऊन ऐका. सळसळ अजिबात नाही, आणि सूर लागल्यावर त्याच्याभोवती पाणी हलल्यासारखा आवाज येतो, तर ते अति धुतलेलं आहे. दुसरा संग्रह शोधा. सळसळ थोडी असली तरी तानपुरा जिवंत असेल तोच ठेवा. तुमची सीडी जास्त भरलेली वाटते याचं एक कारण हेही असू शकतं: तिच्यावर वेगळा, जुना मास्टर असेल. असं असेल तर कुठलीही सेवा, कुठलीही केबल ते भरून काढणार नाही. ती सीडीच फ्लॅकमध्ये उतरवून जपून ठेवा.

अहिराणी गाण्यांबद्दल इथेच बोलतो, कारण ते माझ्या जिव्हाळ्याचं आहे. आपल्या भागातल्या छोट्या स्टुडिओंत झालेली कितीतरी गाणी सेवांवर लॉसलेसच्या नावाखाली दिसतात, पण फाईलमधल्या सुरांचा आलेख काढून बघितला की १६ किलोहर्ट्झवर कुऱ्हाडीनं तोडल्यासारखी सपाट रेघ दिसते. म्हणजे एमपीथ्रीच फ्लॅकच्या डब्यात भरलेली. जुन्या टेपलाही वरचे सूर कमी असतात, पण तिथे उतार हळूहळू असतो, कडा नसते. स्पेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हा फरक दोन मिनिटांत दिसतो. निर्मात्यांना माझी कळकळीची विनंती आहे की मूळ, न दाबलेली वेव्ह फाईल फेकू नका. सीडी दर्जाला मिनिटाला दहा एमबी लागतात, पाच मिनिटांचं गाणं पन्नास एमबीत मावतं. ते जपलं नाही तर दहा वर्षांनी आपल्या भाषेतल्या गाण्याची नुसती पोचट प्रत उरेल.

आता खोली. तुमचा हॉल बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच. खाली व्हिट्रिफाइड फरशी, वर स्लॅब, एका भिंतीला काचेचं शोकेस. अशा खोलीत दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकतात. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला मीटरमधल्या अंतराच्या दुपटीनं भागा. बारा फुटांना ४७ हर्ट्झ, दहा फुटांना ५६. तुमची रुंदी आणि उंची सारखी आहे, त्यामुळे ५६ चा सूर दोन बाजूंनी एकावर एक चढतो. त्याच्या दुपटीला, ११२ लाही तेच. ५६ पासून ११२ पर्यंतचा हाच पट्टा डग्ग्याचा आणि तानपुऱ्याच्या खर्जाचा. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. डग्गा पसरतो तो इथे. एकदा टाळी वाजवून बघा. मागोमाग झणझणीत 'झिंग' ऐकू आलं तर वरच्या सुरांचीही तीच गत आहे.

माझं लहानपण यावल तालुक्यातल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात गेलं. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, कोनाडे, वर कणग्या. श्रावणात कानबाई देवी बसली की रात्री बायका गाणी म्हणायच्या. माईक नाही, काही नाही. पंधरा गळे एकदम, तरी प्रत्येक आवाज वेगळा कळायचा. त्या घरात समोरासमोर गुळगुळीत अशा दोन भिंतीच नव्हत्या. आवाज आपटून परत यायच्या आत कुठेतरी मुरायचा नाहीतर विखरायचा. आरसीसीच्या घरात पहिल्यांदा टेपरेकॉर्डर लावला तेव्हा मला वाटलं मशीन बिघडलं. आज कळतं, घर बदललं होतं.

तुम्हाला धाब्याचं घर बांधायला सांगत नाही. एवढं करा. स्पीकर दहा फुटांच्या भिंतीकडे लावा, त्या भिंतीपासून निदान अडीच फूट पुढे, एकमेकांपासून पाच फूट. कोपऱ्यात मुळीच नको, कोपरा खालचे सूर फुगवतो. सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असतो, तो पुढे घ्या. भिंतीलगतची जागा ४७ च्या सुराला सगळ्यात जास्त फुगवते, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तोच सूर गायब होतो. मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसा. स्पीकरच्या पाठीला भोक असेल आणि घुमणं राहिलंच, तर त्यात गुंडाळलेला मोजा घालून बघा. हे तात्पुरतं नाही, मी पक्क्या सिस्टीमलाही करतो.

मग कापूस. खान्देशात राहून बाहेरून फोम कशाला आणायचा? फैजपूरच्या एका घरी मी चार बाय दोन फुटांच्या लाकडी चौकटी केल्या, पिंजाऱ्याकडून पिंजलेला कापूस चार इंच भरला, वरून सैल विणीचं खादीचं कापड. भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर सोडून टांगल्या. अंतर सोडलं की तीच चौकट आणखी खालचे सूर धरते. गादीला घालतात तसे टाके मात्र घालाच, नाहीतर पावसाळ्यानंतर कापूस तळाशी बसतो आणि वरची चौकट रिकामी होते. मागून जाळी लावा, उंदीर घर करतात. अँप्लिफायरजवळ नको, कापूस पेट घेतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकेक चौकट, बसायच्या जागेमागे दोन. शोकेसवर जाड पडदा, स्पीकरसमोर फरशीवर सतरंजी आणि तिच्यावर गोधडी. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: चार इंच कापूस ५६ हर्ट्झला काही करत नाही. १०० हर्ट्झचीच लाट सव्वातीन मीटरहून लांब असते. खालच्या सुरांसाठी जागा बदलणं हाच खरा उपाय, आणि मागच्या दोन कोपऱ्यांत जुन्या गाद्या गुंडाळून छतापर्यंत उभ्या केल्या तर थोडी मदत होते.

विजेचं थोडक्यात. गाणं बंद असताना स्पीकरला कान लावा. घुं आवाज येत असेल तर घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासा, आणि डॅक, अँप्लिफायर, स्ट्रीमर एकाच बोर्डावर घ्या. लाईट गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर सिस्टीम लावू नका, ट्रान्सफॉर्मर कुरकुरतो आणि तापतो. साइन वेव्हचा चालेल.

हे सगळं झाल्यावर सीडी आणि स्ट्रीमिंगची तुलना पुन्हा करा, पण पातळी जुळवून. जरा मोठं वाजतं ते कानाला नेहमी चांगलंच वाटतं. १०० हर्ट्झचा चाचणीचा सूर दोन्हीकडून वाजवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून एसी व्होल्ट मोजा. स्वस्त मीटर वरच्या सुरांना चुकतात, म्हणून खालचा सूर घ्यायचा. एकीकडे २.०० व्होल्ट आले तर दुसरीकडे १.९५ ते २.०५ च्या आत आणा. मग घरातल्या कोणाला तरी तुमच्या पाठीमागून बदलायला सांगा आणि तुम्ही ओळखा. सोळा वेळा. बारा किंवा जास्त बरोबर आले तर फरक खरा आहे, आणि तो मास्टरचा आहे का ते शोधू.

तोपर्यंत मला तीन गोष्टी कळवा: फोनचं आणि डॅकचं मॉडेल, स्पीकर सध्या भिंतीपासून किती इंचावर आहेत, आणि ज्या सीडीवर ती गायिका भरलेली वाटते त्या सीडीच्या मागच्या बाजूचा फोटो. त्यावरून तोच मास्टर सेवेवर कुठल्या संग्रहात आहे ते शोधून देतो.